भाजीबाजारामागची जागा

नगरपालिकेत आजवर एकही बाई अध्यक्ष झाली नव्हती. आणि सिस्टरचं नाव सुचवलं कुणी, तर सभासद असलेल्या तिच्या सख्ख्या दिरानं. तिथेच तिच्या मनात पाल चुकचुकली.

उभी हयात दवाखान्यात नर्स म्हणून काढलेल्या या बाईला सगळेच सिस्टर म्हणत. निवडणूक तिनं एकाच गोष्टीवर लढवली होती: बाजारात बायकांसाठी स्वच्छतागृह. भाजीवाल्या दिवसभर पाण्याचा घोट घेत नसत, आणि त्याचे भोग तिनं दवाखान्यात पाहिले होते. जागा एकच होती, भाजीच्या ओट्यांमागे. पण तिथे दिराच्या वखारीतल्या फळ्यांनी वर्षानुवर्षं पथारी पसरली होती. सात सभासदांपैकी, तिला धरून, चौघं ठरावाच्या बाजूनं होते. मग ज्याच्या फळ्या उठणार, तोच फुलं घेऊन दारात कसा?

तिनं विचारलं तेव्हा दीर चपलेकडे बघत म्हणाला, मान मोठ्यांचा. तो गेल्यावर जाऊ हळूच म्हणाली, “ताई, हे घरी फुलं आणतात ना, तेव्हा मी आधी विचारते, काय करून बसलात?”

अध्यक्ष झाल्यावरच्या पहिल्या सभेला सिस्टर सगळ्यांच्या आधी पोचली. अध्यक्षांच्या खुर्चीमागे सभेच्या नियमांची तसबीर होती. काच धुळीनं पार आंधळी झालेली. कारण उघड होतं. वखारीत चहा पिता पिता सगळं आधीच ठरायचं आणि सभेत नुसत्या माना डोलायच्या. नियम लागतो कुणाला? त्या चहाचं बोलावणं तिला कधीच नव्हतं. धूळ दिसली की हात शिवशिवायचा, म्हणून तिनं ओलं फडकं घेतलं. पहिलीच ओळ उघडी पडली: अध्यक्षांनी ठरावावर मत देऊ नये.

म्हणजे मान देऊन मत काढून घेतलं होतं. तरी तिनं काच अर्धवट सोडली नाही, खालपर्यंत पुसली.

सभेत हात वर झाले. तीन बाजूनं, तीन विरुद्ध. दीर खुर्चीत ऐसपैस रेलला.

“बरोबरी झाली, वहिनी. ठराव बारगळला. अध्यक्षांना मत नसतं.”

“बरोबरी होईपर्यंत नसतं, भावोजी. झाली की निकाल अध्यक्षांच्या मतावर. खालची ओळ वाचा. आता दिसतेय.”

सगळ्यांच्या माना तसबिरीकडे वळल्या. सिस्टरनं स्वतःचा हात वर केला आणि ठराव मंजूर झाल्याचं सांगितलं. मग दीर उठला, हसला, अगदी गोड आवाजात म्हणाला, “अभिनंदन. फळ्या उचलतो की सवडीनं.”

तो गोडवा तिच्या ओळखीचा झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दीर वखार उघडायला आला, तर भाजीच्या ओट्यांमागे, फळ्यांच्या ढिगालगत, नगरपालिकेतली अध्यक्षांची खुर्ची मांडलेली. तिच्यावर सिस्टर बसलेली, शेजारी पाण्याची बाटली.

“या भावोजी,” ती म्हणाली. “मला आज सवडच सवड आहे.”