प्रीतीचा नियम

जयराज सरांनी पोटरीवर अंगठा दाबला तशी प्रीती किंचाळली. माझी अकरा वर्षांची लेक, खो-खोच्या संघात सगळ्यांत चपळ. आता मैदानाच्या कडेला पाय धरून बसली होती.

"आवं ताई, पोरीला खायला घालता का न्हाई?" सर माझ्यावरच घसरले. "सराव झाला की अर्ध्या तासात दूध, केळं, अंडं... अंडं ऱ्हाऊ द्या, तुमी जैन. पण काय तरी पोटात जायाच पायजे. न्हाईतर पायांची झीज भरून कशी निघायची? रविवारी साताऱ्याला निवड हाय!"

सराव साडेसहाला सुटतो. दिवस सहालाच मावळतो. आणि सूर्य मावळल्यावर दिवाळीपर्यंत काही न खाण्याचा नियम प्रीतीनं चातुर्मासात महाराजांपुढं घेतलाय. घेतलाय कसला, मीच तिचा हात वर केला. बायका कौतुकानं बघत होत्या. मी बी.एस्सी. झालेली, पण ऑक्टोबरात दिवस किती आखडतो हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. महिन्याभरात पोर दोन किलो उतरली. वेणी घालताना तिच्या मानेचे मणके मोजता येतात.

घरी सासूबाईंना विचारलं, "आई, हिला नियमातून मोकळं करता येईल? प्रायश्चित्त मी घेते."

"मला काय विचारतीस गं? नियम तिचा हाय. तिला विचार."

"मी नाही मोडणार," प्रीती म्हणाली. "तूच सगळ्यांना फोन करून सांगितलंस ना?"

दुसऱ्या दिवशी साडेपाचलाच लाडू आणि दूध घेऊन मी मैदानावर गेले. ती लंगडत पळत होती.

"सर, दहा मिनिटं सोडा तिला."

"मधीच खाऊन पळाली तर ओकंल की!"

"मग घरी नेते."

"न्या. पण संघात दुसरी घ्यावी लागंल मला."

प्रीती माझ्याकडं बघतही नव्हती. वळताना तिचा पाय मुडपला, ती पडली, उठली, परत पळाली. मग मला राहवेना. सरळ आत शिरले आणि दंडाला धरून तिला बाहेर आणलं. पोरी हसल्या. सरांनी शिट्टी वाजवून दुसरीला आत घेतलं.

गाडीजवळ डबा उघडला. "खा बाळा, उजेड आहे अजून. पाय बरे व्हायला नकोत का?"

"कशाला?" ती म्हणाली. "आता कुठं पळायचंय मला?"

तिनं तोंड फिरवलं. मी लाडू तसाच धरून उभी राहिले, मैदानाच्या भिंतीवरचं ऊन वर सरकत मावळून जाईपर्यंत.