डाव्या ओळीतलं तिसरं झाड

माझ्या नवऱ्याला सगळ्या जगाची दुखणी तपशीलवार सांगता येतात, फक्त स्वतःचं सोडून. कामरगावच्या ट्रान्सफॉर्मरला केव्हापासून काय होतंय, शेजाऱ्याच्या म्हशीचं कुठलं सड बंद पडलंय, आमच्या कुठल्या संत्र्याला कोणत्या बाजूनं कीड लागली, हे त्यांना विचारा. चहा गार होईस्तोवर बोलतील. आणि अमरावतीच्या डॉक्टरीणबाईंनी "काय जगदेवकाका, कसं आहे?" असं विचारलं, की उत्तर दोनच शब्दांचं.

"बरं हाय."

दीड वर्षापूर्वी त्यांना संधिवात निघाला. गुडघे कुरकुरतात तो साधा नव्हे, रक्ताच्या तपासणीत दिसणारा आणि जन्मभर सोबत राहणारा. सकाळी उठले की दोन्ही हातांची बोटं सुजून ताठ झालेली असतात. सदऱ्याची बटणं मी लावून देते. दहा वाजले, ऊन अंगावर आलं, की बोटं थोडी सैल होतात आणि हे महाशय मळ्याकडे निघतात, जणू सकाळी काही घडलंच नाही.

आमची संत्र्याच्या कलमांची रोपवाटिका आहे. जंबेरी लिंबाच्या रोपाच्या सालीला चाकूच्या टोकानं चीर द्यायची, संत्र्याच्या काडीवरचा एक डोळा, म्हणजे न फुटलेला कोंब, अलगद काढून त्या चिरेत सरकवायचा आणि वरून प्लास्टिकची पट्टी गुंडाळायची. याला डोळा बांधणं म्हणतात. सगळं काम बोटांचं. ऐन हिवाळ्यात हे दिवसाला चारशे डोळे बांधायचे आणि त्यातले वीसही वाया जात नसत. गेले दोन हिवाळे मात्र मानोऱ्याकडचा हरिसिंग येऊन बांधतो, आणि हे खिशात हात घालून त्याच्यामागे उभे राहतात.

त्यांचा चाकू मला एकदा शिलाई मशीनच्या खणात सापडला, फितींच्या गुंडाळ्यांखाली. सुई शोधायला गेले होते. मला राग आला. तीस वर्षं जो चाकू त्यांनी कमरेला लावला, तो लपवायला त्यांना माझाच खण सापडला होता. खरं सांगायचं तर रडूही आलं, पण ते नंतर.

तरीही डॉक्टरांपुढे "बरं हाय". त्याची तयारीही साग्रसंगीत. जायच्या दिवशी पहाटे आंघोळ, इस्त्रीचा सदरा, आणि निघताना दुखण्याची गोळी, म्हणजे तिथं हात कसा मोकळा दिसावा. नंबर लागेपर्यंत दुपारचा एक वाजलेला असतो. मॅडम बोटं दाबून विचारतात, दुखतं का? हे हसून नाही म्हणतात. ऑगस्टमध्ये तर मॅडम म्हणाल्या, "रक्ताचा रिपोर्ट थोडा वर आहे, पण तुम्ही म्हणता बरं आहे. असंच राहिलं तर नोव्हेंबरात संधिवाताची मोठी गोळी कमी करू." मी तोंड उघडलं, तर हे म्हणाले, "हिले काळजी करायची सवयच हाय, मॅडम." मॅडम हसल्या. मग यांनी पिशवीतून संत्र्याचं एक कलम काढून त्यांना भेट दिलं. ते मनापासून होतं, पण गोळीचा विषय तिथंच मिटला.

त्याच मॅडमनी पहिल्या भेटीत मला बजावलं होतं, की बोटांचे सांधे एकदा वाकडे झाले की कुठल्याच गोळीनं सरळ होत नाहीत, म्हणून वेळेत सांगायचं. म्हणजे नोव्हेंबरात "बरं हाय" म्हणाले की गोळी कमी होणार, आणि बोटं गेली ती गेलीच.

घरी आल्यावर मी विचारलं, "खोटं काहून बोलता तुमी?"

"खोटं कायचं? ती बाई एवढी शिकलेली, एवढ्या जीवानं गोळ्या देऊन राह्यली. तिच्या तोंडावर सांगू का, का तुह्या गोळ्यानं फरक नाही म्हनून? कसं दिसते ते?"

मी एकतीस वर्षं अंगणवाडी सेविका होते. बाळ कसं आहे असं विचारलं, की आई बरं आहे म्हणायचीच. मी ऐकून घ्यायची आणि बाळाला वजनकाट्यावर ठेवायची. पण चौसष्ट वर्षांच्या माणसाला कुठल्या काट्यावर ठेवायचं, ते मला कळत नव्हतं.

कळलं ते दिवाळीनंतर, हरीओमच्या कृषी केंद्रात. मी बाहेर पिशवी धरून उभी होते. आत हे काउंटरवर वर्तमानपत्राची पुडी सोडत होते. पुडीत डिंक लागलेला झाडाच्या सालीचा तुकडा होता.

हरीओमनं विचारलं, "बाग बरी हाय न, काका?"

"नाही," हे म्हणाले. इतकं सरळ नाही मी त्यांच्या तोंडून दीड वर्षात ऐकलं नव्हतं. "तिसरी ओळ, सातवं झाड. गुरुवारी पाह्यलं. जमिनीपासून हातभर वर, उत्तरेच्या बाजूनं डिंक सुटला. सकाळी पातळ असते, दुपारी कडक होते. मांगच्या वक्ती तुवा जे औषध देल्लं, त्यानं आठ दिवस थांबला, मंग डबल सुरू झाला. बाजूचं आठवं झाड चांगलं हाय, पन त्याच्यावर मी नजर ठेवून हाओ."

हरीओम सगळं लिहून घेत होता. मी पिशवी खाली ठेवली. डॉक्टरला जे जे हवं असतं, ते सगळं या माणसाला येत होतं. कुठं, केव्हापासून, सकाळी कसं, दुपारी कसं, आधीच्या औषधानं काय झालं. फक्त झाडाबद्दल.

घरी येऊन मी माझं एक जुनं कोरं रजिस्टर काढलं. सुनेला, रूपालीला, बोलावलं आणि दहा रकाने आखले. पाच डावी ओळ, पाच उजवी ओळ.

"हे काय होय?" यांनी विचारलं.

"नवा मळा. दहा झाडं. रोज सकाळी उठल्यावर पाहनी करायची, अन् मले सांगायचं."

त्यांनी रकाने पाहिले, मग स्वतःचे हात पाहिले. "मी काय झाड हाओ?"

"झाड असते त कवाच बरे झाले असते. झाडाले तुमी लपवून ठेवत नाही."

ते रुसून मळ्यात गेले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेले, तर खाटेवर बसून दोन्ही हात उजेडाकडे धरून पाहत होते. "लिही," म्हणाले. "डावी ओळ, तिसरं झाड. बुडाशी सूज. मूठ होत नाही. बाकीचे चार थोडे थोडे."

तिसरं झाड म्हणजे अंगठ्यापासून तिसरं, मधलं बोट. तेच सगळ्यात वाईट होतं.

त्यानंतर बारा दिवस आमच्याकडे रोज सकाळी पाहणी झाली. रूपाली माझ्या मोबाईलवर हातांचा फोटो काढायची, मी लिहायची. माणूस एकदा कामाला लागला की कसर ठेवत नाही. चौथ्या दिवसापासून त्यांना माझं अक्षर आणि माझा अंदाज दोन्ही पटेनासे झाले. "किती वाजता मोकळी झाली ते लिहत जा. दहा नाही, सव्वादहा." एकदा तर उजव्या ओळीतल्या दुसऱ्या झाडाला बरं वाटतंय असं मी लिहिलं म्हणून मला ते खोडायला लावलं. "तू कोन ठरवनारी? झाड माहं हाय." मी मुकाट्यानं खोडलं. एरवी मी खोडलं नसतं.

रूपालीनं दवाखान्यात फोन करून आणखी एक गोष्ट विचारून घेतली. दुखण्याची गोळी सकाळी न घेता सोबत आणली तर चालेल का? तिथल्या सिस्टर म्हणाल्या, "चालेल. मॅडमनी हात पाहिले की मग घेऊ द्या. आणि सकाळचा पहिला नंबर लावते."

"म्हंजे मी तसाच जाऊ? आखडलेला?" हे म्हणाले.

"मामाजी," रूपाली म्हणाली, "तुमी हरीओमभाऊकडे सालीचा तुकडा नेला, तो धुऊन पुसून नेल्ता का?"

यांनी चहा मागितला.

नंबराच्या दिवशी पहिल्या बसनं आम्ही दोघं अमरावतीला निघालो. बटणं मी लावली. रजिस्टर माझ्या पिशवीत, फोटो माझ्या मोबाईलमध्ये, गोळी त्यांच्या खिशात. बडनेऱ्यापर्यंत मी एकच गोष्ट बजावत होते. "मी बोलनार नाही. तुमीच सांगायचं." ते म्हणाले, "सांगतो न. लहान हाओ काय मी?"

साडेनऊला आत गेलो. मॅडमनी वर पाहिलं आणि गोड हसून विचारलं, "काय काका, कसं आहे?"

"बरं हाय, मॅडम," हे म्हणाले. "एकदम बरं."

बारा दिवसांचं रजिस्टर माझ्या मांडीवर होतं, आणि हा माणूस हात गमछ्याखाली घेऊन नव्या जावयासारखा बसला होता. मॅडमनी पेन उचललं. मी बोलणार नाही असं कबूल केलं होतं म्हणून ओठ आवळून बसले, पण मनातल्या मनात त्यांना काय काय म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

"वा, छान," मॅडम म्हणाल्या. "मग आपण गोळी..."

"मॅडम, आमचं रोप कसं हाय?" यांनी मध्येच विचारलं. ही त्यांची रीत. दिलेल्या प्रत्येक रोपाची चौकशी करायची.

"छान आहे, काका."

"फूट कितीक आली?"

"आली आहे. बऱ्यापैकी."

"पानं आतमंदी वळतात का बाहीर?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्यांचा चेहरा एकदम शाळेतल्या मुलीसारखा झाला. "काका, खरं सांगू का? सुकलं ते. सप्टेंबरातच. तुम्ही इतक्या प्रेमानं दिलं होतं, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून सांगवेना."

"अवो मॅडम," हे तळमळून म्हणाले, "पानं पिवळे पडले तवाच सांगायचं न. पानी जास्त झालं असन. एका फोनचं काम होतं, मी सांगतलं असतं काय करायचं ते. नुसतं छान हाय म्हनून झाड वाचते काय?"

बोलून झालं आणि ते थांबले. मॅडम त्यांच्याकडे पाहत होत्या, मीही पाहत होते. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग खाली, गमछ्याकडे. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

मग त्यांनी गमछा बाजूला केला आणि दोन्ही हात टेबलावर ठेवले. सुजलेले, वाकलेले, सकाळचे हात.

"डावी ओळ, मॅडम. तिसरं झाड. बुडाशी सूज हाय, मूठ वळत नाही. सकाळी सहापासून सव्वादहापर्यंत असंच राह्यते. गोळी घेतली का चार घंटे बरं, मंग डबल. उजव्या ओळीत पयलं अन् दुसरं. दुसरं मांगच्या हप्त्यापासून जास्त हाय." त्यांनी माझ्यापुढे हात केला, मी रजिस्टर दिलं. "सगळं लिहेल हाय इथं. हिनं लिहलं, पन पाहनी माही हाय."

मॅडमनी पान उलटलं, आणखी एक उलटलं. हे अजून बोलतच होते, पण आवाज उतरला होता. "डोळा बांधता येत नाही मले, मॅडम. हा दुसरा हिवाळा. चाकू धरवत नाही."

हे मला माहीत होतं. पण इतक्या दिवसांत त्यांनी ते मलाही सांगितलं नव्हतं. मी पदरानं डोळे पुसले, कुणी पाहिलं तरी मला लाज वाटली नाही.

मॅडमनी एकेक सांधा दाबून पाहिला. या वेळी "दुखतं का?" विचारल्यावर कुठं, किती, तेही सांगून झालं. फोटो पाहिले. मोठी गोळी कमी होण्याऐवजी वाढली, सोबत दुसरी एक लागली, रक्ताची तपासणी लवकरची ठरली, आणि हातांचे व्यायाम शिकवायला बाजूच्या खोलीत पाठवलं. "बोटं अजून आपल्या हातात आहेत, काका," मॅडम म्हणाल्या. "पण हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुमच्यावानीच," हे म्हणाले. "तुमाले वाईट वाटन म्हनून."

मॅडम इतक्या हसल्या की बाहेरच्या सिस्टर डोकावून गेल्या.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी मी मशीनचा खण उघडला, तर फितींखाली चाकू नव्हता. मळ्यात गेले. हे जंबेरीच्या रोपांपुढे पोत्यावर बसले होते, हरिसिंग शेजारी उभा, पहिल्यांदाच त्याचे हात रिकामे. एक डोळा बांधायला यांना पाव तास लागला. पट्टी वाकडी बसली, ती त्यांनी सोडून पुन्हा गुंडाळली. त्या दिवशी अकरा झाले. पूर्वी चारशे व्हायचे. रात्री जेवताना त्यांनी अकरा हा आकडा मला तीनदा सांगितला, आणि मी तिन्ही वेळा नव्यानं ऐकला.

फेब्रुवारीच्या अखेरीस पुन्हा नंबर होता. यांनी पिशवीतून एक छोटं रोप काढून मॅडमच्या टेबलावर ठेवलं. पट्टीतून डोळा फुटला होता, दोन पानं आली होती.

"हे मी बांधलं," ते म्हणाले. "सुकू लागलं त लपवू नोका, मॅडम. फोन करजा."

"करीन," मॅडम म्हणाल्या. "आणि तुम्ही कसे आहात?"

हे खुर्चीत नीट बसले आणि हात टेबलावर ठेवले. "उजव्या ओळीपासून सांगतो," म्हणाले.

मी पिशवीतून पाण्याची बाटली काढली. वेळ लागणार होता.