जिन्याचा दिवा

बायको वरच्या खोलीत वारली, त्याला चार महिने झाले होते. तेव्हापासून मास्तर जिना चढले नव्हते. आज लेकीने पाठवलेली स्मार्ट बटणं वायरमनने वर आणि खाली जोडली.

"काका, जरा वरून दाबून बघता? मी खालून दिवा लागतो का बघतो."

मास्तर वर गेले. पलंगावरची गादी कुणीतरी गुंडाळून ठेवली होती. रडू येईल म्हणून ते क्षणभर थांबले, पण डोळ्यांतून टिपूसही आलं नाही. जिन्यापाशी परत येऊन त्यांनी बटण दाबलं.

"लागला! आता फोनमध्ये वरच्या बटणाला काय नाव देऊ?"

"तुम्हाला सुचेल ते द्या," असं म्हणून मास्तर पायरीवरच बसले.