एकच प्लेट

मास्तरांनी खिशातलं बॉलपेन काढून मेनूकार्डावरच्या ‘मामा’वर काट मारली, पण पेन प्लॅस्टिकवरून नुसतंच घसरलं. त्यांनी टोकावर फुंकर मारली आणि जोर देऊन पुन्हा रेघ ओढली. शाई काही उमटेना.

“काय झालं?” जावयाने विचारलं.

“वाचा. चौथी ओळ.”

जावई कार्डावर वाकला. “तळलेला मामा,” तो मोठ्याने म्हणाला आणि हसायला लागला. “मला चालेल. मला दोन आहेत. त्यातल्या एकाला तरी तळायलाच हवं.”

“हसण्यावारी नेऊ नका. चूक छापली आणि वरून प्लॅस्टिक चढवलं. आता ती कुणाला दुरुस्तही करता यायची नाही.”

“ठेवा ना ते पेन, बाबा,” मुलगी म्हणाली. तिने अजून स्वतःचं कार्ड उघडलं नव्हतं.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. छापखान्यात त्यांनी चौतीस वर्षं प्रुफं तपासली होती. ऱ्हस्व-दीर्घाची एकही चूक त्यांच्या नजरेतून सुटायची नाही, म्हणून तिथे सगळे त्यांना वेलांटीमास्तर म्हणायचे. पुढे वेलांटी गळून पडली आणि मास्तर तेवढं राहिलं.

मास्तर आणि बायको दर उन्हाळ्यात आठवडाभर या गावी यायचे. खाणावळ तशीच होती. आठ टेबलं, त्यांवर निळं मेणकापड, आणि वाळूच्या बाजूला भिंतच नाही. पंख्याच्या पात्यांना खाऱ्या वाऱ्याने गंज चढला होता. ऊन अजून उतरलं नव्हतं, त्यामुळे बहुतेक टेबलं रिकामी होती. मास्तरांनी मुद्दाम कोपऱ्यातलं टेबल धरलं होतं. त्यासाठी त्यांना तीन दिवस वाट बघावी लागली. पहिल्या दिवशी मुलगी म्हणाली, प्रवासाने दमलोय, खोलीवरच काहीतरी मागवू. दुसऱ्या दिवशी म्हणाली, चौकात नवीन जागा झाली आहे, तिकडे जाऊ. तिसऱ्या दिवशी तिचं डोकं दुखत होतं. आज मास्तर साडेपाचलाच चपला घालून दारात उभे राहिले.

“इथेच बसायचो आम्ही,” ते जावयाला म्हणाले. “मी या खुर्चीवर, ती तिथे, तुम्ही बसलाय तिथे.”

“मी उठू का?”

“छे छे, बसा. सांगतोय आपलं.”

बायको थंडीत गेली होती. सकाळी चहा ठेवायला उठली, ओट्याशीच खाली बसली आणि परत उठली नाही. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मास्तरांनी तेव्हा एकच गोष्ट सांगितली, कारण दुसरं काही तोंडातून निघेना. भांडणं झाली, अबोले झाले, सगळ्यांचे होतात तसे. पण बाहेर जेवायला गेलो की आम्ही कधी दोन प्लेटी मागवल्या नाहीत. ती म्हणायची, मला फारशी भूक नाही, तुमच्यातलंच घेईन. एकच प्लेट, दोन चमचे. एकोणतीस उन्हाळे. ऐकणाऱ्या बायका डोळ्यांना पदर लावायच्या, पुरुष मान खाली घालायचे. मुलगी मात्र दर वेळी पाणी आणायला आत जायची. ती गोष्ट मास्तरांनी इतक्यांदा सांगितली की आता संसारातलं तेवढंच त्यांच्याजवळ उरलं होतं. झोप येत नसली की ते तीच आठवत पडायचे.

“कार्ड तिने कधी हातातसुद्धा घेतलं नाही,” ते म्हणाले. “मी मागवीन ते खायची. आजकालच्या मुलींना सांगून पटायचं नाही.”

“काय मागवायचं ते ठरवू या का?” मुलगी म्हणाली.

आतून एक जाडसर बाई वही घेऊन आल्या. साठीच्या असतील. कमरेला मळकट एप्रन, कानावर पेन्सिल. मास्तरांनी त्यांना पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. संध्याकाळी इथे एक उंच, कमी बोलणारा माणूस असायचा.

“ते नाहीत का हल्ली?” त्यांनी विचारलं.

“आमचे दीर? त्यांनी दुसरीकडे खाणावळ काढली आता. मी आधी दुपारचंच बघायचे, आता दिवसभर मीच. बोला, काय आणू?”

“एक वाफवलेला मासा. तिखट अजिबात नको, लिंबू पिळायचं नाही. साधा भात. आणि दोन चमचे.”

“बाबा, आपण तिघं आहोत,” मुलगी हळूच म्हणाली.

“बरोबर. मग तुमचं तुम्ही सांगा.”

मालकीणबाईंची पेन्सिल थांबली होती. त्या मुलीकडे बघत होत्या. मुलीने आता कार्ड उघडून तोंडासमोर धरलं होतं.

“अगं,” मालकीणबाई म्हणाल्या, “तू लिंबूबाईंची ना?”

मुलीने कार्ड खाली घेतलं. “हो, काकू.”

“तरीच म्हटलं, हे कपाळ कुठेतरी पाहिलंय! केवढीशी होतीस, पाय जमिनीला टेकायचे नाहीत तुझे. आणि आई कुठाय? त्यांचा आठवडा हाच ना? मी रोज दुपारी रस्त्याकडे बघते. म्हटलं, या वर्षी उशीर झाला वाटतं.”

“आई गेली, काकू. थंडीत.”

मालकीणबाईंनी वही टेबलावर ठेवली, शेजारची खुर्ची ओढली आणि बसल्या. हात कोरडेच होते, तरी त्यांनी ते एप्रनला पुसले.

“अरेरे,” त्या म्हणाल्या. “खरं नाव कधी विचारलंच नाही बघ. आल्या की आधी म्हणायच्या, लिंबं कापून ठेवा. एक नाही, दोन नाही, वाटीभर. म्हणून आम्ही आपलं लिंबूबाई.”

मास्तरांनी मुलीकडे पाहिलं. ती मेणकापडावर उडून आलेली वाळू बोटाने एका जागी गोळा करत होती.

दुपारी मास्तर खोलीवर दूध-पाव खाऊन दोन तास झोपायचे. हिला जरा समुद्रावर फिरवून आणते, असं म्हणून बायको मुलीचा हात धरून निघायची. मुलीचं लग्न झाल्यावर एकटीच जायची. परत आली की तिचे ओठ लाल दिसायचे. उन्हाने झालं असेल, असं ती म्हणायची. उन्हात जाऊ नकोस म्हणून मास्तर तिला रागवायचे.

“घरी म्हणे आंबट नाही, तिखट नाही,” मालकीणबाई सांगत होत्या. “कुणाच्या तरी पित्ताचं पथ्य. पथ्य एकाचं आणि अळणी खायचं सगळ्यांनी. मी म्हटलं, बाई, तुम्ही आठवडाभर तरी पोट भरून जेवा.”

“काकू, आमचं जेवण सांगते ना,” मुलगी म्हणाली.

“सांगशील गं, कुठे पळून जातंय. भारी हिमतीच्या होत्या. एकट्या बाईने मुलगी वाढवायची म्हणजे खेळ आहे का? पण कधी रडगाणं नाही.”

“एकटी नाही, काकू. म्हणजे आई—”

“मी एकदा विचारलं होतं, घरी कोण कोण असतं? म्हणाल्या, मुलगी असते. बस, एवढंच. मग मी पुढे खोदलं नाही. एखादीचा नवरा नसला, तर कशाला उगाच जखमेवरची खपली काढा?”

जावयाने पाण्याचा ग्लास उचलला, तो रिकामा होता, तरी तोंडाला लावला. वाळूवर कुणीतरी कुत्र्याला हाका मारत होतं. मास्तरांनी मेनूकार्ड उलटं केलं. मागची बाजू कोरी होती. ते ती बाजू वाचल्यासारखी, वरून खाली, सावकाश बघत गेले.

मालकीणबाईंनी डोळे पुसले आणि पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं. आधी त्यांच्याकडे, मग शेजारी बसलेल्या जावयाकडे.

“आणि मी बघ कशी, मोठ्या माणसांसमोर बडबड करत बसलेय. हे तुझे सासरे ना?”

“नाही काकू, हे माझे—”

“हो,” मास्तर म्हणाले.

जावयाने ग्लास खाली ठेवला आणि ‘बाबा’ म्हणायला तोंड उघडलं. मुलीने टेबलाखालून त्याचा हात दाबला.

“म्हणजे लिंबूबाई तुमच्या विहीणबाई,” मालकीणबाई म्हणाल्या.

“हो.”

“मग मी तुम्हाला काय सांगायचं! माझ्यापेक्षा तुम्हीच जास्त ओळखत असणार.”

“नाही.” मास्तरांनी मेनूकार्ड बाजूला सारलं. “फारसं बोलणं झालं नाही कधी. एकमेकांकडे जाणं-येणं होतं, पण तेवढंच. राहून गेलं.”

“होतं असं. व्याह्यांचं नातं अवघडच.”

“तुम्ही उठू नका इतक्यात,” मास्तर म्हणाले. “घाई नाही आम्हाला. त्या काय काय खायच्या?”

मुलीने मान वर केली. आईला त्यांनी ‘त्या’ म्हटलेलं तिने जन्मात ऐकलं नव्हतं. तिने बोटाने गोळा केलेली वाळू पुन्हा विस्कटून टाकली.

मालकीणबाईंनी खुर्ची त्यांच्याकडे वळवली. सांगायला कुणीतरी मिळालं म्हणून त्यांचा चेहरा जरा उजळला होता.

“आधी रस्सा. तो असा लालभडक, की नाकाडोळ्यांतून पाणी वाहायचं त्यांच्या. वर लिंबू पिळून घ्यायच्या, आणि भात दोनदा. मी म्हणायचे, बाई, पुरे आता, रडताय किती! तर अशा हसायच्या, अशा हसायच्या, की आतले आचारी बघायला बाहेर यायचे.”

मास्तर दोन्ही कोपरं टेबलावर टेकून पुढे झुकले होते.

“हसायच्या?” त्यांनी विचारलं.