तोरणाखालचा हातभर ट्रक

मी एक जुना ट्रक आहे, मित्रांनो, पण मला खेळणं म्हणू नका. माझी लांबी हातभर आहे, हे खरं. माझी केबिन रॉकेलच्या डब्याच्या पत्र्याची आहे, हेही खरं. पण मी ओझं घेऊन धावलो आहे, चिखलातून गेलो आहे, आणि भर गावासमोर मला 'बाजूला हो' म्हटलं गेलं तेव्हा बाजूला झालो नाही.

माझा जन्म डोणगावचा. महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. हिंमतराव नावाचे एक ड्रायव्हर म्हातारपणामुळे गाडी सोडून घरी बसले होते. उभी हयात त्यांनी कापसाच्या गाठी खामगावला पोचवल्या. त्यांचा मुलगा मेहकरला नोकरीला होता. घरात सून प्रेमला आणि नात शकुंतला. प्रेमला कॉलेजात विज्ञान शिकलेली होती. तिचा स्वभाव फार काळजीचा. पोर उंबऱ्याबाहेर गेली की तिचे डोळे पोरीच्या मागे जायचे. 'पडशील', 'लागेल', 'हात लावू नको' हे शब्द त्या घरात दिवसभर ऐकू यायचे.

मी जन्मलो तो एका रडण्यातून. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांचा तान्हा पोळा भरतो. मुलं लाकडाचे चाकांवरचे बैल सजवून आणतात, मारुतीच्या देवळासमोर तोरणाखाली रांग लावतात. गावातले वडीलधारे वामनराव एकेकाला विचारतात, "कोनाच्या घरचा बैल?" मूल घराचं नाव सांगतं. मग तोरण तुटतं आणि सगळे बैल त्याखालून जातात. शकुंतलेनं त्या वर्षी शेजारचा मातीचा बैल मागून नेला होता. तिनं आजोबांचं नाव सांगताच पोरं ओरडली, "हिंमतराव ड्रायव्हरच्या दावनीले बैल कुठून आला बे?" वामनराव हसले नाहीत, पण म्हणाले, "पोरी, घरी बैल नसन तं रांगेत काऊन उभी राह्यली? बाजूले उभी राहून पाह्य." ती घरी आली ती ओंजळीत तोंड लपवूनच.

हिंमतरावांनी तिचे डोळे पुसले. मग म्हणाले, "सूनबाई, आपल्या घरी बैल नाही, बरोबर हाये. पन आपल्या घरचं ओझं कोनं ओढलं?"

"तुमच्या ट्रकनं, मामाजी."

"मंग त्याचा पोळा नको?"

असा मी ठरलो. पुढच्या पोळ्यापर्यंत वर्ष होतं, आणि ते सगळं लागलं.

आधी माझे पाटे झाले. मोठ्या ट्रकच्या चाकांवर लोखंडी पट्ट्यांची थप्पी असते, लांब पट्टी वर, तिच्याखाली लहान, तिच्याखाली आणखी लहान. खड्ड्यात चाक उचललं गेलं तरी गाडी डगमगत नाही ती या पाट्यांमुळे. माझे पाटे ग्रामोफोनच्या तुटलेल्या स्प्रिंगचे आहेत. हिंमतरावांनी छिन्नीनं तुकडे पाडले आणि टोकं गुंडाळायला सबंध पट्टी भट्टीत लाल केली. पट्टीची कडकाई गेली. मला पहिल्यांदा उभं केलं तेव्हा मी पोटावरच बसलो.

"हे पाटे हायेत का शेवया?" हिंमतराव स्वतःवरच चिडले.

"नुसती टोकं तापवा ना, मामाजी. मधला भाग मी ओल्या फडक्यात धरते."

"हात भाजन."

"भाजला तर भाजला."

जी बाई दिवसभर लेकीला विस्तवापासून लांब ठेवायची, ती भट्टीशी ओलं फडकं धरून बसली. शकुंतला दारातून बघत होती. प्रेमलेनं मान न वळवता सांगितलं, "तू तिथंच थांब." मग जरा वेळानं, "बरं, ये. पण माझ्या मागे उभी राहा." दुसऱ्या खेपेला पाटे साधले. सायकलच्या आऱ्यांचे आकडे करून ते आसाला बांधले. बाभळीची चाकं, त्यांवर जुन्या ट्यूबचं रबर, मागे सागवानी फळ्यांचा हौदा. आत अकोल्याहून आणलेली लहानशी मोटार आणि ती फिरवायला सेल.

मोटार सुरू करायला दोरी नको, तार नको, हा प्रेमलेचा हट्ट. "ट्रक दोरीनं ओढला तर तो बैलच झाला की," ती म्हणाली. तिनं काचेच्या बारीक नळीत लोखंडाचा कीस भरला. दूरवर विजेची ठिणगी उडाली की तो कीस एकमेकाला धरून बसतो आणि विजेला वाट देतो. माझी मोटार फिरू लागते. शेजारी शाळेतल्या मोडक्या विजेच्या घंटेचा हातोडा नळीवर टकटक करत राहतो, तो कीस पुन्हा सुटा करतो. ठिणग्या चालू तोवर मी चालतो, ठिणग्या थांबल्या की मी थांबतो. ठिणगी पाडायला हिंमतरावांच्या जुन्या पेट्रोलच्या लॉरीचं कॉइल होतं, एका लाकडी पेटीत बसवलेलं; पेटीची कळ दाबली की ठिणग्या पडत. त्या पेटीला प्रेमलेशिवाय कोणी हात लावायचा नाही असा कडक नियम होता, कारण तिच्यातला झटका गमतीचा नव्हता.

पहिल्या दिवशी मी चाललो तो थांबेचना. माझ्याच हातोड्याच्या ठिणग्या माझ्या नळीला लागत होत्या. अंगणातलं तुरीच्या डाळीचं वाळवण आडवं कापून मी बैल नसलेल्या गोठ्याच्या भिंतीवर जाऊन धडकलो. शेजारच्या तानुबाई ओरडल्या, "अवं प्रेमला, तुह्या गाडीले ब्रेक लाव!" हातोड्याची ठिणगी पडायची जागा पत्र्याच्या डबीत बंद केल्यावर ती खोड मोडली. पण दुसरी खोड निघाली. पाटे ताठ होते. रिकामा असलो की मी बारीक खड्यावरही उडायचो, आणि त्या हिसक्यानं नळीतला कीस सुटून मी थबकायचो. चार पावलं चालायचो, थांबायचो. प्रेमला नळी बदलत बसली, हिंमतराव पाटे घासत बसले. दोघंही चुकत होते. एका दुपारी शकुंतलेनं सहज माझ्या हौद्यात वरवंटा ठेवला. पाटे वाकले, चाकं जमिनीला धरून चालली, आणि मी अंगणभर न थबकता गेलो.

"ओझ्याशिवाय चालत नाही हे!" ती टाळ्या पिटत म्हणाली.

हिंमतराव हसले. "माह्याच गुन उचलला."

मला वळता येत नव्हतं, पुढची चाकं हातानं वळवून ठेवावी लागत. मागे जाणं तर माझ्यात बसवलेलंच नव्हतं. पुढे, सरळ, ओझ्यासह, एवढंच मला येत होतं. मला त्याची लाज वाटली नाही, आजही वाटत नाही.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मला झेंडूची माळ घातली. शकुंतलेनं मला उचलून नेलं, वरवंटा हिंमतरावांच्या हातात. प्रेमला पेटी पदराखाली धरून मागे. रात्री पाऊस झाला होता, देवळासमोरची काळी माती गाडीच्या चाकोऱ्यांनी फाटली होती. मुलं आपापले बैल उचलून रांगेत ठेवत होती, कारण लाकडी चाकं चिखलात फिरत नव्हती. देवळासमोर पोचायच्या आधीच प्रेमलेनं वाकून माझा सेलचा खटका चालू केला. आयत्या वेळी विसरायला नको, म्हणून.

वामनरावांनी मला पाहिलं. "हे काय आनलं वं?"

"आमच्या घरचा ट्रक, वामन आबाजी."

"इथं बैल लागते. टरक नाही लागत."

"अहो, त्यानंच तं घर चालवलं आमचं," हिंमतराव म्हणाले.

"चालवलं असन. उद्या कोनी शिलाई मशीन आनन, परवा कोनी पान्याचं इंजिन. मंग पोळा कशाचा राह्यला, हिंमतराव?" वामनराव दुष्ट नव्हते. त्यांच्या घरी पिढ्यान्पिढ्या बैलांचे पाय धुतले जात होते, आणि त्यांना खरोखर वाटत होतं की एकदा ही रीत सैल झाली की सुटेल. "त्याले बाजूले ठेव. पाह्यचं तं पाह्य. रांगेत नको."

शकुंतलेनं मला तोरणाच्या बाजूला, तोंड तोरणाकडे करून जमिनीवर ठेवलं, आणि हिंमतरावांनी हातातला वरवंटा माझ्या हौद्यात ठेवला. तिनं रडू दाबलं होतं. तिच्या नखांनी माझी माळ कुस्करली. त्या क्षणी मित्रांनो, मला नुसतं लाकूड-पत्रा असण्याचा फार राग आला.

तेवढ्यात पाहुण्यांची जीप आली. तालुक्याहून कोणी साहेब बक्षिसं द्यायला येणार होते. जीप तोरणाजवळ येऊन थांबली, इंजिन घुरघुरत राहिलं. आणि मी निघालो.

कोणी कळ दाबली नव्हती. मी आपला सरळ, वरवंटा पाठीवर घेऊन, चाकोरीत उतरलो, चाकोरीतून चढलो. एक चाक वर, एक खाली, पाटे वाकले आणि उठले. तोरण अजून तुटलंच नव्हतं. पहिला मान वामनरावांच्या नातवाच्या बैलाचा. आणि मी त्याच्या नाकासमोरून तोरणाखाली जाऊ लागलो.

एकच गलका झाला. "मोडला मान!" "त्या पोरीनं केलं!" वामनरावांचा चेहरा लाल झाला. "शकुंतले! सांगतलं होतं ना?"

"म्या नाही केलं!"

"मंग काय भुतानं केलं?"

प्रेमला पुढे झाली. आजवर ती वामनरावांसमोर कधी मोठ्यानं बोलली नव्हती. तिनं पदराखालची पेटी काढून सगळ्यांसमोर जमिनीवर ठेवली. "ही कळ. कोणी दाबलेली नाही. जीप बंद करा."

"काऊन?"

"बंद करून बघा ना!"

ड्रायव्हरनं चावी फिरवली. मी तोरणाच्या बरोबर खाली थांबलो. "आता चालू करा." मी निघालो. "बंद." मी थांबलो. पेट्रोलच्या इंजिनात ठिणग्या पडतात, त्याच माझ्या नळीला लागत होत्या. डोणगावात आता सगळ्या गाड्या डिझेलच्या, त्यांत ठिणगी नसते, म्हणून हे आम्हाला वर्षभर कळलंच नव्हतं. "चूक झाली ती माझी," प्रेमला म्हणाली. "खटका मी आधीच चालू केला. पोरीची चूक नाही."

पोरं आता हसत होती, आणि वामनरावांना त्या हसण्याचाच राग आला. "बरं. झालं ते झालं. मागं घे ते, शकुंतले. तोरन तुटायचं हाये."

"मागं येत नाही ते."

"मंग उचल."

शकुंतला माझ्यासमोर चिखलात बसली, आपल्या नव्या परकरासकट. "नाही उचलत. बैलाले कोनी उचलून मागं नेते का?"

प्रेमला लेकीकडे धावली नाही. मी पाहिलं, तिचा हात पुढे झाला आणि तिनंच तो मागे घेतला.

"मंग काय करतं?" वामनरावांनी विचारलं. आवाज अजून कडक होता, पण आता प्रश्न खरा होता.

"पहिला मान तुमचाच, आबाजी. हे देवळाले फेरी मारून येईन. रांगेच्या शेवटी उभं राहीन. पन चालत जाईन. आन् रांगेतच राहीन."

वामनरावांनी हिंमतरावांकडे पाहिलं. हिंमतरावांनी काही मागितलं नाही, मानही झुकवली नाही. शेवटी वामनराव म्हणाले, "अडकलं तं उचलाच लागन."

"हाव," शकुंतला म्हणाली.

ती माझी पुढची चाकं वळवायची, प्रेमला पेटी घेऊन मागे चालायची, कळ दाबायची, सोडायची. देवळाच्या मागची वाट दगडांची होती. एका दगडावर माझं डावं चाक चढलं तेव्हा मी असा कलंडलो की मुलांनी श्वास रोखला. हिंमतराव गुडघ्यावर वाकून माझ्या पाट्यांकडे पाहत होते, हात लावत नव्हते. "धरते, धरते," ते पुटपुटत होते. पाट्यांनी धरलं. एका चिखलाच्या डबक्यात चाकं जागीच फिरली. गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "उचला आता." शकुंतलेनं चाकं थोडी डावीकडे वळवली, रबरानं कड पकडली, आणि मी चिखल उडवत बाहेर आलो. तानुबाईंच्या लुगड्यावर सगळा उडाला. "उडू दे वं, धुवून काढीन!" त्या ओरडल्या.

मी रांगेच्या शेवटी पोचलो, एका काळ्या लाकडी बैलाच्या मागे. वामनराव पुढून एकेकाला विचारत आले. माझ्यापाशी थांबले. वाकून माझे चिखलानं भरलेले पाटे पाहिले.

"कोनाच्या घरचा?"

"हिंमतराव ड्रायव्हरच्या घरचा. ट्रक."

त्यांनी दुसऱ्यांच्या बैलांना लावला तसाच कुंकवाचा टिळा माझ्या केबिनवर लावला, आणि तोरणाकडे परत गेले.

मित्रांनो, त्यानंतर मी पुष्कळ पोळे पाहिले. दरवर्षी शेवटीच उभा राहिलो, पण उभा राहिलो. आता शकुंतला मोठी झाली आहे, हिंमतराव नाहीत. मला कपाटावर ठेवलं आहे. परवा कोणी म्हणालं, शाळेच्या काचेच्या कपाटात ठेवा, मुलं लांबून बघतील. मी काचेत बसायला झालेलो नाही! माझे पाटे गंजायला लागले आहेत, नळीतला कीस बसला आहे, पण ते धूळ झाडल्यानं सुधारणार नाही. माझी काळजी घ्यायची असेल तर पाट्यांच्या फटीत तेल सोडा. कॉइलला मोठ्या माणसांनीच हात लावा, बाकी सगळं मुलांना उघडू द्या, चुकू द्या, पुन्हा बसवू द्या. आणि मग मला खाली जमिनीवर ठेवा, जिथं खड्डे असतील तिथं. मोडलो तर मोडलो. दुरुस्त करता येतं मला. मी करून घेतलेलं आहे.