खरं सांगायचं तर

"खोटं बोला असं कुठं म्हणतेय मी, काका? नीट दिसलं नाही, एवढंच म्हणा," जेवणाचा डबा ओट्यावर ठेवत शेजारीण म्हणाली.

काकांना हसू आलं, पण ते त्यांनी गिळलं. उभा जन्म कोर्टात साक्षीदारांना शपथ देण्यात गेलेला. सगळे त्यांना शपथकाकाच म्हणत. खोटं बोलायचं नाही, खरं जरा पुसट करायचं, ही युक्ती त्यांनी अट्टल चोरांपासून सज्जन मास्तरांपर्यंत सगळ्यांकडे पाहिली होती.

"तू देवाधर्माची बाई," ते म्हणाले. "देवाची शपथ घेऊन असं बोलू?"

"देवाला कळतं हो आईचं मन."

"देवाला कळतं. उलटतपासणी वकील घेतो."

ती हसली नाही. डोळे पुसून निघून गेली.

गोष्ट साधी होती. तिच्या मुलाच्या गाडीनं कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाच्या रखवालदाराला उडवलं. त्याचा पाय कायमचा अधू झाला. रखवालदार अचानक आडवा आला, असं मुलाचं म्हणणं. काका त्या वेळी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. पोलीस विचारत आले तेव्हा 'मी पाहिलं' असं त्यांच्या तोंडून निघून गेलं, आणि ते साक्षीदार झाले. त्यांनी सगळं स्वच्छ पाहिलं होतं. पण काकू गेल्या त्या रात्री त्यांना उचलून जिन्यानं खाली नेणारा, दवाखान्याच्या बाकावर काकांशेजारी बसून राहणारा, तोही हाच मुलगा. त्यानंतर त्या घरानं काकांना कधी उपाशी झोपू दिलं नाही. डबा द्यायला आलेली शेजारीण दोन शब्द बोलून जाई. दिवसभरात काकांशी कोणी बोललं तर तेवढंच.

काकू फार श्रद्धाळू. काका त्यांना चिडवत, "तू फुकट देवाचं नाव घेतेस, मी पगार घेऊन घेतो." स्वतः काकांचा देवावर विश्वास होता की नाही, हे त्यांनी कधी तपासलं नव्हतं. माणसं देवाला भीत नाहीत, शेजाऱ्याला भितात, एवढं मात्र त्यांना नोकरीत कळलं होतं. आता आपणही त्यातलेच निघालो, असं त्यांच्या मनात आलं. खोटं बोलायचं त्यांनी ठरवून टाकलं आणि पुढच्या वेळी डबा आला तेव्हा शेजारणीला तसं 'हो' म्हणूनही टाकलं. दाढी करताना आरशापुढे एकदा म्हणूनही पाहिलं. जमत होतं.

कोर्टात शपथ द्यायला एक तरुण बाई होती. ती भराभर पुटपुटायला लागली, पण तिच्या आधीच काकांनी सवयीनं शपथ पुरी करून टाकली. लोक हसले. न्यायाधीशही हसले.

वकिलांनी विचारलं, "अपघात झाला तेव्हा तुम्ही काय पाहिलं?"

काकांनी घसा साफ केला. "खरं सांगायचं तर..." एवढं म्हणाले आणि थांबले.

इतक्या वर्षांत त्या पिंजऱ्यात हे तीन शब्द त्यांनी असंख्य वेळा ऐकले होते. त्या शब्दांमागून खरं आलेलं त्यांना आठवेना. आता ते शब्द आपल्याच आवाजात ऐकून त्यांना विलक्षण लाज वाटली. समोर रखवालदार कुबडी मांडीवर आडवी घेऊन बसला होता. तो त्यांच्याकडे बघतही नव्हता. त्याला काही आशाच नसावी.

"रखवालदार कडेनं चालला होता," काका म्हणाले. "गाडीच कडेला आली. मुलगा मोबाईलमध्ये बघत होता."

संध्याकाळी मुलगा दारात आला. आत आला नाही.

"आईला तुम्ही हो म्हणाला होतात."

"म्हणालो होतो."

"मग?"

"तिथं उभं राहिल्यावर नाही जमलं रे."

तो बराच वेळ चपलेनं फरशी घासत राहिला. "पाहिलं तर तुम्ही बरोबरच होतं," शेवटी तो म्हणाला. "मी आलो होतो हे आईला सांगू नका."

सांगायची वेळ आलीच नाही. शेजारणीनं भांडण काढलं नाही, टोमणा मारला नाही. जिन्यात भेटली की पदर सावरून भिंतीकडे सरकते आणि वाट देते, परक्या माणसाला द्यावी तशी.

काका आता स्वतःपुरतं शिजवतात. रात्री ताट घेऊन बसले की पलीकडच्या घरातही पानं मांडल्याचा आवाज येतो. कोणी मीठ मागतं, कोणी रागावतं, कोणी हसतं. काका उठून टीव्हीचा आवाज बंद करतात, खुर्ची भिंतीपाशी सरकवतात आणि सावकाश जेवतात.