न्याईचा न्याय

गुरुवारी सकाळी वातुगेदेच्या बाजारामागच्या पटांगणात पाय ठेवायला जागा नव्हती. तेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, विकणाऱ्यानं आपली तळणाची कढई तिथंच आणून मांडली होती. आजूबाजूच्या चार गावांची माणसं चटया टाकून बसली होती. मधोमध मांडवाखाली सागाची पेटी होती आणि पेटीत न्याई. न्याई म्हणजे बाईसाहेब. चार मीटर लांब, माझ्या मांडीएवढी जाड, अंगभर सोनेरी जाळी असलेली अजगरीण. तिच्या शेजारी काळा सदरा घालून, हातात कोरीव काठी धरून म्बाह पायजान उभा होता.

"न्याई डोळ्यांनी बघत नाही," म्बाह सांगत होता. "ती मन बघते. सच्चा हात तिला कळतो, लबाड हात ती धरते. आजवर एकदा तरी चुकली आहे का?"

"नाही, म्बाह," शंभर तोंडं म्हणाली.

त्यानं डोळे मिटले, काहीतरी पुटपुटला, काठीचं टोक न्याईच्या डोक्याला हलकेच लावलं आणि कोपरापर्यंत हात पेटीत घातला. न्याईनं जीभ लवलवली आणि मान फिरवली. माझ्या पुढ्यातल्या म्हातारीनं हात जोडले.

मी मागे उभी राहून जळत होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणाला शोधून काढायला नको.

मी रुमियाती. बावीस वर्षं अजगर पाळते. ही न्याई माझ्याच परसात अंड्यातून निघाली, तेव्हा तिचं नाव गेंदुक होतं, म्हणजे छोकरी. आणि हा म्बाह, म्हणजे आजोबा, माझ्याहून चार वर्षांनी लहान. सहा वर्षं माझ्याकडे पिंजरे धूत होता. जे काही शिकला ते इथंच शिकला. जाताना गेंदुकला मागून घेऊन गेला आणि मीही खुळ्यासारखी दिली. बावीस वर्षं मी ओरडून सांगते आहे की अजगराला हात लावण्याआधी हात धुवा, तर गाव मला कटकटी बाई म्हणतं. यानं काळा सदरा घातला, तर आजोबा झाला. माझ्या दारात चिटपाखरू येत नाही आणि याच्या दारात तेंपेची कढई येते. कुणाचं पित्त खवळणार नाही?

पण त्या दिवशी मी नुसती जळायला गेले नव्हते. त्या दिवशी वागिनेमची पाळी होती.

वागिनेम पाठीवर टोपली बांधून दारोदार हळदीचा काढा विकते. गावप्रमुखाच्या बायकोची, बू एंदांगची, म्हणजे एंदांगबाईंची, सोन्याची बांगडी हरवली आणि त्या सकाळी घरात बाहेरचं माणूस एकच आलं होतं, काढेवाली. पोलिसात कोण जातो? न्याई आहे ना. दोन महिन्यांपूर्वी रिक्षावाल्या तुकिमानचा हात असाच पेटीत गेला होता. मागे वळलेल्या दातांत हात अडकला, घाबरून त्यानं हिसडा मारला आणि अंगठ्याची शीर तुटली. आता त्याला हँडल धरता येत नाही, आणि चोर म्हणून कुणी कामही देत नाही. वागिनेमचा तर सगळा संसार त्या हळद वाटणाऱ्या हातावर चालला होता.

ती आली. नियमाप्रमाणे काळी कोंबडी छातीशी कवटाळून, दोन मैल चालत. ज्याच्यावर आळ त्यानं कोंबडी स्वतःच्या हातांनी आणायची आणि वाटेत पाण्याला शिवायचं नाही, कारण पाण्यानं पाप धुऊन निघतं आणि न्याईला कळत नाही. ज्यानं आळ घेतला तोही पेटीत हात घालतो, पण त्याला कोंबडीची अट नाही. बू एंदांग गुलाबपाणी लावून खुर्चीवर बसली होती.

वागिनेमच्या हळदीनं पिवळ्या पडलेल्या तळव्यांकडे, नखांत अडकलेल्या पिसांकडे पाहिलं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गेंदुक लहानपणापासून काय खाते? कोंबडी. आणि तुकिमाननंही कोंबडी कवटाळूनच आणली होती. मत्सरानं माझे डोळे काठीवर आणि काळ्या सदऱ्यावर इतके खिळले होते की दोन महिने समोरची कोंबडी मला दिसली नव्हती. त्याची मला आजही लाज वाटते.

मी गर्दीतून वाट काढत पुढे गेले. "थांब, पायजान."

"म्बाह म्हण," कुणीतरी मागून दटावलं.

पायजान गोड हसला. "या, बू रुमी. लोकहो, ही बाई मला पाण्यात पाहते, बरं का. हिच्याकडे असताना न्याई साधा साप होती. माझ्याकडे आली आणि जागी झाली. त्याला बू काय करणार, आणि मी तरी काय करणार?"

लोक हसले. माझे कान तापले.

"जळतेच मी," मी म्हणाले. "घरी जाऊन आणखी जळेन. आधी एक सांग, न्याई मन ओळखते ना? मग मन हातातच असतं का? अंगावरच्या कपड्यात नसतं?"

म्बाह अडखळला. चार माणसांपुढे नाही म्हणणं त्याला जड गेलं. "असतं. घामात असतं. कपड्यातही उतरतं."

"झालं तर मग. हात कशाला घालायचे? दोघींचे कपडे पेटीत घालू."

मी वागिनेमचं टोपली बांधायचं फडकं सोडवून घेतलं आणि नळावर साबणानं खसाखसा धुतलं. "पाप धुतलं गेलं," कुणीतरी कुजबुजलं. "धुऊ दे," म्बाह म्हणाला, "न्याईला फसवता येत नाही." धीट झाला होता. मग मी बू एंदांगपुढे हात केला. "तुमची ओढणी द्या, बू. तुम्हाला कसली भीती?"

"मला कसली भीती?" तिनं रेशमी ओढणी काढून दिली.

"अगं वागिनेम, ती कोंबडी आण इकडे. फडफडून उडून जाईल," असं म्हणत मी सगळ्यांदेखत कोंबडी ओढणीत गुंडाळली आणि तेंपेवाल्याकडून गरम पाण्याच्या दोन बाटल्या भरून येईपर्यंत काखेत धरून उभी राहिले. अजगराच्या ओठांवर खाचा असतात, त्यांना ऊब कळते. थंड चिंधीकडे तो बघणारही नाही. मग एका बाटलीला ओलं फडकं गुंडाळलं, दुसरीला ओढणी, आणि दोन्ही लांब बांबूंना बांधल्या.

पायजानच्या हातातली काठी मी काढून घेतली. आता मात्र तो हसत नव्हता. काठीचं टोक गेंदुकच्या डोक्याला लावलं आणि वागिनेमचं फडकं तिच्या तोंडापुढे धरलं. मलाही खात्री नव्हती, कारण अजगर कुणाचं ऐकत नाही, माझंही नाही. तिनं जीभ लवलवली, दोनदा फडक्याला लावली आणि डोकं वेटोळ्यावर टेकवलं.

गर्दीतून निःश्वास उमटला.

मी झाकण लावलं, जरा थांबले आणि पुन्हा उघडलं. या वेळी काठी लावली नाही. ओढणी आत सरकवली.

बांबूला असा हिसका बसला की माझा खांदा दुखावला. डोळ्याचं पातं लवेपर्यंत गेंदुकनं बाटली दातांत धरून तिला तीन वेढे घातले होते. बू एंदांगची गुलाबी ओढणी वेढ्यांतून फाटून लोंबत होती.

माणसं चटयांवरून उठून बू एंदांगकडे बघायला लागली.

"मी नाही चोरली," बू एंदांग म्हणाली. "माझीच बांगडी मी कशाला चोरीन?"

"तुम्ही नाही चोरली, बू," मी म्हणाले. "तिनंही नाही. तुकिमाननंही त्या वेळी काही चोरलं होतं की नाही ते या पेटीला ठाऊक नाही. गेंदुकला फक्त कोंबडी ठाऊक आहे."

मग मी सगळं उलगडून सांगितलं. पाळलेल्या अजगराला पेटी उघडली की खाणं आलं असंच वाटतं. म्हणून हात घालण्याआधी आकडीनं किंवा काठीनं त्याच्या डोक्याला शिवायचं. रोज केलं की त्याला सवय लागते, शिवलं म्हणजे आज खाणं नाही. खाणं द्यायचं ते चिमट्यानं, कधीच न शिवता. ही युक्ती मीच पायजानला शिकवली. त्यानं लोखंडी आकडीची कोरीव काठी केली, एवढाच काय तो मंत्र. आळ घेणाऱ्याच्या आधी काठी लागते, आळ असलेल्याच्या आधी लागत नाही, वर त्याच्या हाताला कोंबडीचा वास.

तुकिमान मागे उभा होता. तो पुढे आला आणि पायजानला एवढंच म्हणाला, "माझ्या वेळी काठी लावली नव्हतीस. मला आठवतंय."

पायजाननं काठीकडे पाहिलं, पण ती माझ्या हातात होती.

"बू रुमी, आता वागिनेमचा हात घालून दाखव," कुणीतरी ओरडलं. "म्हणजे खात्री पटेल."

खरं सांगते, मोह झाला. शंभर माणसं पहिल्यांदाच माझ्याकडे बघत होती. धुतलेला हात, काठीचा स्पर्श, बहुतेक काही झालं नसतं. पण त्या बहुतेकवर मी वागिनेमचा हात लावणार होते का? चार मीटरच्या जनावरापाशी दोन जाणती माणसं लागतात, आणि तिथं तमाशा करायचा नसतो. मी झाकण लावून कडी घातली.

बांगडी अजून सापडलेली नाही. वागिनेम पुन्हा काढा विकते, बू एंदांगच्या दारातही जाते. पायजान गावातून गेला, गेंदुक माझ्याकडे परत आली. तिनं मला ओळखलं वगैरे काही नाही, आल्या आल्या फूत्कारली.

त्यानंतरच्या गुरुवारी माझ्या अंगणात तीन माणसं उभी होती. एकाच्या काखेत काळी कोंबडी. "बू रुमी, तुमची विद्या म्बाहपेक्षा मोठी. आमच्या भावाभावांत जमिनीचं भांडण आहे. खोटं कोण बोलतो तेवढं न्याईला विचारा."

क्षणभर मला फार बरं वाटलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या दारात गर्दी होती, आणि काळा सदरा काय, बाजारात कुठंही मिळतो.

"कागद घेऊन कचेरीत जा," मी म्हणाले. "साक्षीदार विचारा, मोजणी करून घ्या. खोटं कोण बोलतं ते माणसांनी शोधायचं असतं, त्याला वेळ लागतो. जनावराच्या तोंडात हात घालून ते कळत नाही."

ते हिरमुसले. "मग निदान न्याईचं दर्शन तरी?"

"गेंदुक नाव आहे तिचं. बघायची असेल तर लांबून बघा. कोंबडी कुंपणाबाहेर ठेवा आणि नळावर जा. साबण तिथेच आहे. आधी हात धुवा."

"कटकटी बाई," जाता जाता एकजण पुटपुटला. पण हात धुऊन गेला.